चार बोटांची फट

लोकांना दुसऱ्याच्या पोटाची भारी काळजी. स्वतःच्या घरातली चूल विझलेली चालेल, पण शेजारणीच्या पोटात काय आहे ते कळलंच पाहिजे. शुभांगी हे रोज सोसत होती. ती तेर गावची सून. नवरा योगीराज टेम्पो चालवायचा आणि ती स्वतः धाराशिवला साडीच्या दुकानात कामाला जायची. गिऱ्हाइकासमोर साडी अंगावर लावून दाखवायची, पदर खांद्यावर टाकायचा, हे तिचं काम. आणि बाया साडी बघायची सोडून तिच्या पोटाकडं बघायच्या. "कितवा गं?"

कितवाच नव्हता. श्रावणात, नववा भरत आला असताना, तिला मुलगी झाली आणि ती रडलीच नाही. नर्सनं फडक्यात गुंडाळून घटकाभर दाखवली. मग योगीराज आणि त्याचा चुलता तिला घेऊन गेले आणि तेरणा नदीच्या काठाला ठेवून आले. घरात सगळे 'ठेवली' असंच म्हणायचे, पुरली असं कुणी म्हणायचं नाही. नेमकी कुठं, हे शुभांगीनं दोनदा विचारलं. "काय करतीस इचारून," एवढंच योगीराज म्हणाला, आणि दोन्ही वेळा जेवण अर्धं टाकून उठला.

आपल्याकडं बाळंतिणीचं पोट बांधतात. जुनं मऊ लुगडं सव्वा महिना कंबरेला घट्ट आवळायचं. सासूनं, धुरपताबाईनं, असं एक लुगडं आधीच धुऊन ठेवलं होतं. मुलगी गेल्यावर तिनं ते घडी मोडायच्या आत ट्रंकेत परत टाकलं. शेजारीण म्हणाली, पोट तेवढं तरी बांधा पोरीचं. "बाळ न्हाय तर बाळंतीण कशाची?" म्हातारी म्हणाली. म्हातारी दुष्ट नव्हती. पण बाळ जगलं की गेलं हे अंगाला कुठं कळतं? शुभांगीला दूधसुद्धा आलंच होतं.

पोट मात्र उतरलं नाही. तीन महिने झाले तरी सहाव्या महिन्याएवढं दिसायचं. कार्तिकात एकदा आठच्या बसला गर्दी होती. कडूबाई नावाची म्हातारी मधल्या फाट्यावरून भाजीची पाटी घेऊन बाजाराला जायची. तिनं एका धडधाकट माणसाला हाताला धरून उठवलं आणि शुभांगीला बसवलं. "कितवा हाय, बाई?"

खरं सांगायचं तर सगळी बस ऐकणार. शुभांगीच्या तोंडून निघून गेलं, "आठवा."

मग म्हातारीनं धाराशिव येईपर्यंत तिला काय खावं, काय उचलू नये ते सांगितलं. शुभांगी मान डोलवत राहिली. तेवढा पाऊण तास तिची लेक जिवंत होती. बसमधून उतरल्यावर तिला स्वतःची अशी शिसारी आली की दुसऱ्या दिवसापासून ती नऊची बस धरू लागली. दुकानात उशीर झाला म्हणून मालकाची बोलणी खाल्ली, पण म्हातारीचं तोंड नको. आणि त्याच दिवशी तिनं ठरवलं, हे पोट घालवायचं. या पोटानं खोटं बोलणं थांबवलं पाहिजे.

मोबाइलवर बघून तिनं क्रंचेस चालू केले. मानेखाली हात घ्यायचे आणि दात-ओठ खाऊन उठायचं. पंधरा दिवसांत पोट गेलं नाहीच, उलट उठताना मधोमध दुधीभोपळ्यासारखा उंचवटा यायला लागला आणि कंबर धरली. तेव्हा ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथं व्यायाम शिकवणारी डॉक्टर होती हर्षाली, वयानं शुभांगीपेक्षा लहानच. तिनं शुभांगीला उताणं निजवलं, बेंबीवर बोटं आडवी ठेवली आणि डोकं जरा उचलायला सांगितलं. चार बोटं आत गेली.

"पोटाच्या स्नायूंच्या दोन पट्ट्या असतात ताई, त्या बाजूला सरकल्यात," हर्षाली म्हणाली. "तुम्ही करत होता त्यानं फट आणखी ताणते. ते आजपासून बंद."

"पोट बांधलं न्हाय, म्हणून झालं का?"

"नाही. बांधलं असतं तरी झालं असतं."

शुभांगीला हे उत्तर आवडलं नाही. सासूवर राग धरायला तेवढी एक जागा होती, तीही गेली.

व्यायाम म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बाई नुसती लोळतेय. गुडघे वर करून उताणं पडायचं, श्वास सोडत बेंबी पाठीकडं ओढायची आणि एक टाच सावकाश सरकवायची. मग ओणवं होऊन डावा हात आणि उजवा पाय लांब करायचा आणि हलायचं नाही. वर पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवलाय असं समजायचं. ना यंत्र, ना वजन. सतरंजी तेवढी हवी. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी शुभांगी हे करायची आणि शेवटी बोटं ठेवून मोजायची. संक्रांतीला तीन बोटं राहिली, होळीला दोन.

एकदा सासू दारात उभी राहून बघत होती. "बोटं घालून काय मोजतीस रोज?"

"पोट मिटतंय का ते बघते, आत्या."

म्हातारीनं कडेवरची घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "म्या भेले व्हते गं. लुगडं बांधाया घेतलं आस्तं तर मलाच रडू फुटलं आस्तं." आणि घागर उचलून गेली. पुन्हा तो विषय त्या घरात निघाला नाही.

वैशाखात एकच बोट राहिलं. हर्षालीनं शाबासकी दिली. दुकानात बाया आता साडीकडं बघू लागल्या. बसमध्ये कुणी जागा देईना, कुणी काही विचारीना. शुभांगीला वाटलं होतं, हलकं वाटेल. पण आरशासमोर उभी राहिली की तिला वाटायचं, ती मुलगी या जगात होती याचा तेवढाच एक पुरावा उरला होता आणि तो आपण रोज पहाटे उठून आपल्या हातानं पुसून टाकला. घरात तिचा विषय कुणी काढत नव्हतं. आता पोटही गप्प झालं.

पण पोटाची भीती गेली, म्हणून तिनं पुन्हा आठची बस धरली. तिसऱ्याच दिवशी फाट्यावर कडूबाई चढली. पाटी पायाशी ठेवली, शेजारी बसली आणि तिनं शुभांगीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं, तूच की ती! झाली व्हय सुटका? काय झालं?"

आठवा म्हणून सांगितलं की ऐकणारी पुढचे महिने मोजते, हे शुभांगीच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मुलगी," ती म्हणाली.

"पहिली बेटी, धनाची पेटी!" म्हातारी खुलली. "चार-पाच म्हैन्याची झाली आसंल की आता. एवढुशी कुणापाशी ठिवलीस मग?"

आताही खोटं बोलता आलं असतं. आजीपाशी, एवढं म्हटलं की झालं होतं. शुभांगीनं खिडकीचा गज धरला.

"तेरणेच्या काठाला ठिवलीय, आजी."

कडूबाईचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. "कवा गं?"

"श्रावणात."

श्रावण, आणि आठवा सांगितला कार्तिकात. म्हातारीचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला, आणि मधेच थांबला. तिनं खोटेपणा काढला नाही. पाटी पायानं बाजूला सरकवली, शुभांगीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि विचारलं, "जावळ व्हतं का गं डोक्याला?"

नऊ महिन्यांत तिच्या लेकीविषयी कुणी हे विचारलं नव्हतं.

"व्हतं," शुभांगी म्हणाली. "लई दाट व्हतं."