तरंगत्या वीजघराचा सराव आणि नाईक लेतू आत्राम

माझं शेवटचं पोस्टिंग सीबीआरएन तुकडीत होतं. विषारी वायू किंवा किरणोत्सर्ग पसरला असेल तिथे शिरायचं, माणसं बाहेर काढायची, त्यांना धुऊन स्वच्छ करायचं आणि दवाखान्याकडे रवाना करायचं, हे आमचं काम. मी तिथून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. माझा तांडा नेर तालुक्यात, पण आता राहतो पांढरकवड्यात. तरंगत्या अणुवीजघराची बातमी टीव्हीवर आली की लोक मलाच विचारतात, म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

हे वीजघर म्हणजे मोठ्या बार्जवर, सपाट तळाच्या मालवाहू नावेवर, बसवलेली अणुभट्टी. ती बनते एका देशात, टगबोटी तिला ओढत नेतात दुसऱ्या देशांच्या समुद्रातून, आणि बांधतात तिसऱ्याच देशाच्या धक्क्याला. तिथून एखाद्या बेटाला वीज मिळते. अपघात झाला तर हुकूम कोणाचा, किती किरणोत्सर्ग दिसला की माणसं मागे घ्यायची, जखमी आधी कोणाच्या डॉक्टरकडे जाणार, यावर सगळ्या देशांचं एकमत लागतं. त्यासाठी बैठका होतात. बैठकांत ठरतं ते जमतं का, हे बघायला सराव होतो.

अशाच एका सरावासाठी आमची तुकडी एका मित्रदेशाच्या बंदरात गेली. भट्टी नव्हतीच. कोळसा वाहणारी एक रिकामी बार्ज उभी केली होती, तिलाच वीजघर समजायचं. बाकी सगळं खऱ्यासारखं. यजमान देशाचे सैनिक धक्क्यावर, वीजघर बनवणाऱ्या देशाची टीम कंट्रोल रूममध्ये, आणि बार्जवरून जखमी उतरवायला आम्ही.

माझ्या तुकडीत नाईक लेतू आत्राम होता. झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा. एकाच जिल्ह्याचे असल्यामुळे आम्ही दोघंच असलो की वऱ्हाडीत बोलायचो. पहिल्या दिवशी बार्ज बघून त्यानं विचारलं, "साब, असं वीजघर आपल्या झरीले आणता येते का?"

"झरीले ठेवतं कुठं? समुद्र आहे का तिथं?"

"नाही, पण लाइन जातेच न रोज."

तो हसला नाही. खरंच विचारत होता.

सरावाआधीच्या बैठकीत आमच्या मेजर साहेबांनी एक मुद्दा मांडला होता. सरावात जखमी होण्याचं नाटक चालू असताना एखादा खरंच पडला, तर रेडिओवर काय बोलायचं? आमच्याकडे त्यासाठी 'नो डफ' म्हणतात, म्हणजे हे खरं आहे, सराव नाही. यजमानांचा शब्द वेगळा, तिसऱ्यांचा त्यांच्या भाषेतला. प्रत्येकाला आपलाच शब्द हवा होता. शेवटी तो मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला.

सराव सकाळी सुरू झाला. कोळशाचं अस्तर असलेला सूट, रबरी बूट, दुहेरी हातमोजे, तोंडावर रेस्पिरेटर. बंदरात वारा नव्हता. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत काम थांबलं. डोसीमीटरवर, म्हणजे अंगावरच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रावर, किती आकडा दिसला की माणूस मागे घ्यायचा, यावर कंट्रोल रूममध्ये वाद लागला. यजमानांची मर्यादा कमी होती, वीजघरवाल्यांची जास्त. आमची माणसं बार्जवर उन्हात उभी.

मी मेजर साहेबांना रेडिओवर म्हटलं, "सर, जवानांचे मास्क उतरवू द्या."

त्यांनी कंट्रोलला विचारलं. उत्तर आलं, "होल्ड पोझिशन."

त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

वाद मिटला तेव्हा लगेच तिसरी फेरी सुरू करा म्हणाले. पाहुणे अधिकारी जेवायच्या आधी शेवट बघणार होते. लेतू आणि लान्स नाईक गुरमीत स्ट्रेचर घेऊन शिडीवरून उतरू लागले. स्ट्रेचरवर जखमी म्हणून पुतळा होता. अर्ध्या शिडीवर लेतूनं आपली बाजू हळूच खाली टेकवली आणि तो बसला. गुरमीत ओरडला. मी धावत गेलो. मास्कच्या काचेतून डोळे दिसत होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"आत्राम. ऐकू येते का?"

"साब, पोडावर जातो," तो म्हणाला.

मी त्याचा मास्क काढला. कातडी तापलेली होती आणि घाम थांबला होता. उष्माघाताचं हेच लक्षण आम्ही रंगरुटांना शिकवतो. पुतळा खाली ढकलून आम्ही त्याला स्ट्रेचरवर घेतलं. मी रेडिओ दाबला. "नो डफ, नो डफ. रिअल कॅज्युअल्टी."

कंट्रोलचं उत्तर आलं, "रॉजर. कॅज्युअल्टी नोटेड. वेट फॉर मॉनिटरिंग."

त्यांना ते सरावातलंच वाटलं.

धक्क्यावर पिवळी पट्टी बांधली होती. तपासणीशिवाय ती कोणी ओलांडायची नाही असा नियम. तिथे यजमान देशाची एक सार्जंट उभी होती. तिनं हात आडवा केला. ती तिचं काम बरोबर करत होती. मी इंग्रजीत सांगितलं, तिनं मान हलवली आणि तपासणीचं यंत्र उचललं. मेजर साहेब कंट्रोलशी ओरडून बोलत होते.

मी माझाही मास्क काढून तिच्या पायाशी टाकला. सरावात पट्टीच्या आत मास्क काढणारा माणूस तिथेच बाद होतो, म्हणून नाटकात तो कोणी काढत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझा चेहरा बघितला, मग लेतूचा. यंत्र खाली ठेवून तिनं स्वतःच्या हातानं पट्टी तोडली आणि स्ट्रेचरची एक बाजू धरली. आम्ही त्याचा सूट कापला, अंगावर पाण्याचा पाइप सोडला, अँब्युलन्समध्ये घातलं.

संध्याकाळी लेतू गेला.

मी डॉक्टरला विचारलं, लवकर आणला असता तर? त्यानं खांदे पाडले. "कदाचित," एवढंच म्हणाला. मी आजवर त्या शब्दाच्या पुढे गेलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे देश त्याच हॉलमध्ये बसले. उभं राहून मौन पाळलं. मग अडलेला मुद्दा चहा यायच्या आत मिटला. तीनदा 'स्टॉप' म्हणायचं आणि लाल झेंडा दाखवायचा, की सराव तिथेच बंद. डोसीमीटरच्या आकड्यावर मात्र त्याही दिवशी जमलं नाही.

त्याला घेऊन मी नागपूरला उतरलो. पुढे हायवेनं पांढरकवडा, मग झरी. पोडावर माती दिली, सलामी झाली. त्याची बायको, सुमन, मला म्हणाली, "साहेब, तिथं खरंच जहर होतं का?"

"नाही बाई. रिकामी बार्ज होती."

"मंग काहून गेले ते?"

मी तिला त्या 'नो डफ' शब्दाची गोष्ट सांगितली. तिनं ती कोलामीत सासऱ्याला सांगितली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. नंतर त्यानं मला पाणी द्यायला सांगितलं.

मी निवृत्त झाल्यावर गुरमीतचा फोन आला. दुसऱ्या एका बंदरात तसाच सराव झाला होता. तिथे एका परदेशी सैनिकाला उन्हानं भोवळ आली. कोणीतरी तीनदा 'स्टॉप' म्हटलं आणि सगळा धक्का जागच्या जागी थांबला. पोरगा वाचला.

मी बसनं झरीला गेलो. सुमन शेतात निंदत होती. बांधावर बसून तिला सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला.

"त्या पोराले माहीत आहे का, आमच्या ह्यांचं नाव?"

"नाही. नियमात नाव लिहीत नसतात."

"मंग तुमी सांगत जा," ती म्हणाली आणि पुन्हा निंदायला लागली.

म्हणून सांगतो. नाईक लेतू आत्राम, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ.