ताडपत्रीतला हत्ती

चित्रांच्या बाबतीत माझ्या मेडशीच्या मामाइतका निर्दयी माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडणार नाही. कॅलेंडरवर हिरवंगार शेत दिसलं की तो आधी विहीर शोधतो. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचं चित्र पाहून म्हणतो, "हंडा रिकामा हाये. भरेल असता त मान अशी राह्यली नसती." मी जवळच्याच मालेगावात चित्रकला शिकवतो, त्यामुळे त्याच्या तावडीत आयताच सापडतो. माझ्या बैठकीतलं निळ्या फटकाऱ्यांचं चित्र त्याने चहा गार होईपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हे काय होय?" मी म्हटलं, "मामा, दिसते ते सोड, अर्थ पाह्य. हे उदासी होय." "मंग खाली तसं लिहून ठेव ना बापा. लोकायले वाटन, रंग सांडला."

त्याच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या लग्नात पेंटरने रिवाजाप्रमाणे दाराशेजारच्या भिंतीवर हत्ती काढला. मामाने भांडण मांडलं. "आमच्या घरात कोनं हत्ती पोसला काय? बैल काढ!" पेंटरला बैल येत नव्हता, म्हणून हत्ती राहिला.

ताई नांदेडला सासरी गेली आणि पुढच्या पावसाळ्यात पाहतो तर हत्तीवर ताडपत्री! तेव्हापासून मामा ती दरवर्षी स्वतः बांधतो. गावातली पोरं विचारतात, "आबा, हत्तीले सर्दी होते काय?" मामा शिव्या हासडतो आणि गाठ आणखी आवळतो.

यंदा मामाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याने हौसेने घराला पोपटी रंग द्यायला घेतला. ब्रश हत्तीपाशी येताच मामा आडवा झाला. मुलगा वैतागला, "बाबा, सोंड गेली, पाय गेले. काय दिसते आता त्याच्यात?"

मामा हळूच म्हणाला, "हळदीच्या सांजेला तुही ताई ह्या हत्तीले टेकून एकटीच रडली. मी मंडपवाल्याशी भांडून राह्यलो होतो. तुह्या मायनं मले सांगतलं, तवा ताई सासरी गेली होती. त्या सांजेला तिच्यापाशी हाच होता."

मला मामाबद्दल एकदम फार माया वाटली. चित्राचा अर्थ वगैरे मी त्या दिवशी काढलाच नाही.

आता घर पोपटी आहे आणि दारापाशी जुन्या चुन्याचा चौकोन आहे. त्यात एक कान, एक डोळा उरलाय. भावाच्या लग्नाला आलेली ताई त्याच्यासमोर उभी राहून खळखळून हसली. "बाबा, तुमाले त बैल पाह्यजे होता ना!"

"हव," मामा म्हणाला. मग आभाळात ढगाचा पत्ता नसताना तो ताडपत्री शोधायला घरामागे गेला आणि बराच वेळ परत आला नाही.