पाचट भरलेली नळी

लासुर्ण्याचे हिंदुराव भित्रे आहेत, हे कुणी त्यांच्या तोंडावर सांगितलं तरी त्यांना राग येत नसे. विहिरीवरची मोटार बंद केली तरी अर्ध्या वाटेतून परत जाऊन बघणार. गॅसचा कॉक बायकोनं बंद केला तरी स्वतः हात लावून खात्री करणार. घरात काही नवं करायचं निघालं की त्यांची बायको शकुबाई आल्यागेल्याला हसत सांगायची, "थांबा, ह्यांना भ्या वाटतंय." मग सगळे हसायचे, आणि हिंदुरावही हसायचे. पोटातली भीती काही त्यानं जायची नाही.

लेक श्रेया पहिल्या बाळंतपणाला बारामतीहून माहेरी यायची ठरली आणि या भीतीला ऊत आला. बाळ-बाळंतिणीच्या आंघोळीला गरम पाणी बादल्याच्या बादल्या लागतं. हिंदुरावांनी इंदापुरात लोखंडी पिंपाला नळ न् धुराडं जोडून घेतलं आणि घरचा बॉयलर केला. पण तो फुटला तर? म्हणून ठेवला अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून उकळतं पाणी आणताना शकुबाईचा पाय घसरला आणि पाऊल भाजलं. आता पाणी न्हाणीपर्यंत आपलं आपण यायला हवं होतं, जमिनीखालून, आणि वाटेत न निवता.

नळी त्यांनी घरीच करायला घेतली. आत लोखंडी बारीक पाईप, बाहेर शेतातल्या पाईपलाईनीतून उरलेला जाड पीव्हीसी पाईप, आणि दोहोंच्या मधे ऊब धरून ठेवणारं काहीतरी. त्या काहीतरीपाशी घोडं अडलं. थर्मोकोल वितळेल. काचेच्या लोकरीची कुसळं बाळाच्या छातीत जातील. मुलगा यशराज वैतागून उठून गेला. तेवढ्यात हिंदुरावांना बांधावर पाचट दिसलं, उसाचा वाळका पाला. जन्म त्यात गेलेला. सरीत पाचट, गुरांखाली पाचट. ते रानात ओल धरतं, तर नळीत ऊबही धरील! त्यांनी पाचट बारीक करून ठासून भरलं. ओलीनं कुजू नये म्हणून बाहेरच्या पाईपची दोन्ही तोंडं उघडी ठेवली, एक बॉयलरच्या राखेच्या खड्ड्याशी आणि एक न्हाणीत. चर बुजवून वर हळदकुंकू वाहिलं. साऱ्या जगाला भिणारा हा माणूस पाचटाला तेवढा भ्याला नाही.

श्रेयाला मुलगी झाली. न्हाणीत चटका बसेल असं पाणी येऊ लागलं आणि शकुबाई शेजारणींना ते कौतुकानं दाखवू लागली. गावातली सुईण ठमाबाई रोज येऊन बाळाला तेल लावून न्हाऊ घाली. मग ओवा-शेपांची धुरी देऊन निखारे बाहेर नेई आणि वारं लागू नये म्हणून खोलीची खिडकी, दार गच्च लावून घेई. न्हाणी त्या खोलीला लागूनच होती. हिंदुराव खोलीत जात नसत, बाप्यांनी तिथं जायची रीत नव्हती. ते आपले अंगणात उकिडवे बसून नळीवरची माती तळहातानं चाचपत.

एका दुपारी त्यांचा हात पोळला. बॉयलर तर सकाळीच विझवला होता. त्यांनी उठून पिंपाला हात लावला. पिंप गार आणि माती गरम! ते चार पावलं पुढं गेले. तिथंही माती गरम. राखेच्या खड्ड्याशी वाकून पाहिलं, तर पाईपचं तोंड काळं पडून वाकलं होतं. राख ओढताना एखादा निखारा आत गेला असणार. पाचट आतल्या आत धुमसत होतं आणि धूर मात्र इकडं येत नव्हता. मग तो जात कुठं होता?

न्हाणीत. ते धावले.

"दार उघड! खोलीत धूर हाय!"

ओसरीवर शकुबाई आणि ठमाबाई तांदूळ निवडत होत्या. "अवो, धुरीचा वास हाय त्यो," शकुबाई म्हणाली. "पोरीचं डोकं दुखत हुतं, आत्ता कुठं डोळा लागलाय. बघा ठमाबाई, ह्यांना भ्या वाटतंय."

ठमाबाई हसली. हिंदुरावांनी दार ढकललं आणि रीत मोडून आत घुसले. धूर फारसा नव्हताच. ओव्याच्या वासाखाली दुसरा एक कडवट वास दबून बसला होता. "श्रेया! ए पोरी!" तिनं डोळे उघडले, पण नजर ठरेना. त्यांनी दुपट्यासकट बाळ उचललं आणि अंगणात आले. बाळाची मान हातावर लुळी पडली होती.

"रड गं माझे बाय. रड की!"

मागून दोघी बायकांनी श्रेयाला धरून बाहेर आणलं. हिंदुराव मातीत बसले, बाळाच्या तळपायाला टिचक्या मारू लागले, आणि इतकी भीती त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. यशराजनं जीप दारात आणली तेव्हा कुठं बाळाचं तोंड वाकडं झालं आणि बारीक रडू फुटलं.

बारामतीच्या दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, धुमसत्या पाचटाचा विषारी वायू बंद खोलीत कोंडला होता, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. मायलेकी घरी आल्या तोवर यशराजनं चर उकरून नळी बाहेर काढली होती. ती निम्म्याच्या वर पोकळ आणि काळी झाली होती. हिंदुरावांना तिच्याकडं बघवेना.

"सगळ्याला भ्यालो गं," ते शकुबाईला म्हणाले. "नेमका ह्येलाच भ्यालो न्हाय."

पाणी पुन्हा बादलीनं येऊ लागलं, अर्ध्या बादलीनं, यशराजच्या हातून. ठमाबाईनं बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली आणि सवयीनं खिडकीकडं वळली. "वारं लागंल बाळंतिणीला."

शकुबाईनं खिडकीचं दार धरून ठेवलं. "ऱ्हाऊ द्या उघडी. ह्यांना भ्या वाटतंय."

ठमाबाई हसणार होती. पण शकुबाईचं तोंड पाहून तिनं हात मागं घेतला, आणि खिडकी उघडीच राहिली.