अस्कालेची दोन मडकी

आमच्या वोल्लोच्या डोंगरात सकाळची थंडी अशी, की धूरसुद्धा छपरावरून उठायला कंटाळतो. त्या धुराच्या वासावरून चूल कुणाची ते मी सांगतो. अस्कालेची चूल तर कुणालाही कळे. ती कांदा कोरडा भाजायची. तेल नाही, काही नाही. मातीचं मडकं, बारीक चिरलेला कांदा आणि तिचा हात. कांदा लागायला आला की चमचाभर पाणी. तो विरघळून तांबूस होईपर्यंत ती मान वर करत नसे. मग लाल मसाला, कारळ्याचं तेल, मसूर, आणि त्यावर भोपळा, बटाटा, गाजर, कोबी. रटरट शिजून सगळं एकजीव झालं की तेल कडेला येऊन थांबायचं.

ईस्टरआधीच्या हुदादेच्या मोठ्या उपवासात आम्ही मांस, दूध, तूप, अंडं शिवत नाही, आणि दुपारची प्रार्थना संपेपर्यंत जिभेला काही लावत नाही. त्या दिवसांत हे कालवण म्हणजे आमचा जीव.

अस्कालेची मडकी दोन. एक सणाचं, तुपामांसाचं, एक उपवासाचं. माती तूप पिते, आणि प्यालेलं सोडत नाही. म्हणून एकाचं काम दुसऱ्याला कधी नाही. दोन्ही एकाच कुंभारणीची, जुळ्या बहिणींसारखी. उपवासाच्या मडक्याचा काठ जरा उडालेला, हीच काय ती खूण.

त्या वर्षी उपवासाच्या दिवसांत मरियममातेच्या मंडळाचं जेवण अस्कालेच्या घरी होतं. दर महिन्याला एका घरची पाळी. मीही त्या मंडळातला. मी सकाळी पाट नेऊन द्यायला गेलो, तर अस्काले चुलीसमोर डाव धरून दगडासारखी बसलेली.

"वास बघ," ती म्हणाली.

मी बघितला. कालवण अर्धं शिजलं होतं. वास गोड होता, भारी होता, आणि खोटं कशाला सांगू, तुपाचा होता.

"मी तूप घातलेलं नाही," अस्काले म्हणाली. "पण ते बघ."

फळीवर दुसरं मडकं होतं. त्याचाही काठ उडालेला.

सून वोइनशेत दारात उभी होती. "आत्याबाई, उपवास लागायच्या आधी मीच राखेनं दोन्ही घासली. एक हातातून निसटलं."

"कुठलं?"

"तेच आठवत नाही."

"अगं, जुना काठ काळा असेल, नवा लाल!"

"घासून झाल्यावर दोन्ही विस्तवावर भाजली ना मी. दोन्ही काळी."

अस्कालेनं चुलीवरचं मडकं बघितलं, फळीवरचं बघितलं, पुन्हा चुलीवरचं. "हे उपवासाचं," ती म्हणाली. जरा वेळानं, "नाही, ते." मग माझ्याकडे, "तुला काय वाटतं?" मला काय वाटणार? मला तर आता दोन्ही माझ्याच घरची वाटायला लागली होती.

चाखलं असतं तर कळलं असतं. पण चाखणार कोण? आमचा उपवास. वोइनशेतला सुचलं, "तोइबामावशींना बोलावते. त्या आपल्यातल्या नाहीत, त्यांना चालेल." शेजारची तोइबा आली, दारातूनच हसत सुटली. "बायांनो, माझा रोजा आहे! सूर्य बुडेपर्यंत थुंकीसुद्धा जपून गिळतेय मी."

दुपारी प्रार्थना संपवून मंडळ आलं. पुढे आमचे धर्मगुरू अब्बा मेल्कामू, मागे देस्ताकाका नाक वर करून.

"अस्काले, वेशीपासून वासानं ओढत आणलंस गं!"

तिनं सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. एक म्हणाला, मसाल्याचा वास आहे. दुसरा म्हणाला, छे, तूपच. देस्ताकाका म्हणाले, "मला तर भुकेनं भिंतीलाही तुपाचा वास येतोय. वाढ!"

अब्बा शांतपणे म्हणाले, "पोरी, नकळत झालेलं देव धरत नाही. वाढ तू."

"नकळत कुठे, अब्बा?" अस्काले म्हणाली. "मला शंका आहे, हे तर मला कळतंय. तुम्ही सगळे माझ्या हातावर भरवसा ठेवून आलात. मी नाही वाढणार."

वीस वर्षं जिच्या कालवणासाठी माणसं घाट चढून आली, तिनं त्या दिवशी आम्हाला आंबवलेली भाकरी, भाजलेले हरभरे आणि वाटीभर तिखट वाढलं. देस्ताकाका हरभरे चावत मडक्याकडे असे बघत होते, जशी काही लेक सासरी निघालीय.

ते मडकं तिनं तोइबाकडे पोचतं केलं. दिवस मावळला. तोइबाच्या घरातून आधी खजुराची ताटली, मग भाकरीची परात सरकवल्याचा आवाज आला. आम्ही कुंपणाशी उभे. तोइबा तोंड पुसत आली.

"कोसेरेतचा पाला घातलाय यात. तूप कढवताना घालतात तो."

"मी नाही घातला!" अस्काले म्हणाली.

"मी घातला," वोइनशेत पुटपुटली. "तेल कढवताना. जरा वास यावा म्हणून. पाहुणे येणार होते ना."

अस्काले मटकन बसली. हसावं की सुनेचा कान धरावा, तिला कळेना. "म्हणजे तूप नव्हतंच?"

"मला तर नाही लागलं," तोइबा म्हणाली. "नवरा म्हणतो लागलं. सासूबाई बोलतच नाहीत, नुसत्या खातायत. उद्या आणखी एक मडकं पाठव, मग नक्की सांगते."

ईस्टर झाल्यावर अस्कालेनं दोन्ही मडकी सणाची केली आणि उपवासासाठी तिसरं आणलं, एका कानाचं. वोइनशेतला ते घासायची मनाई आहे. पुढच्या वर्षी अस्कालेनं स्वतःहून आपली पाळी उपवासातच मागून घेतली आणि देस्ताकाकांना पहिला घास आपल्या हातानं भरवला. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ चघळला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण तो वास काही येत नाही."