शाखा बदलण्याची मुदत

मॅट्रिक पास झालो तेव्हा पुढे कोणते विषय घ्यायचे हे सांगणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. हायस्कुलात जाणारासुद्धा मीच पहिला. मे महिन्यात मुंबईहून आलेले एक चुलते हुशार मुलं सायन्सला जातात असं म्हणाले होते, तेवढीच आमची माहिती. म्हणून अडल्या वेळी गाव जे करतं तेच बाबांनी केलं. मला घेऊन ते ग्रामदेवाच्या देवळात गेले आणि कौल लावला.

धामापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. घर बांधणं, मुलगी देणं, विहीर खणणं, कौलाशिवाय तिथे काही होत नसे. गुरवाने देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो झील सायन्साक जाता, तेका यश दी." जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. थोड्या वेळाने उजवी कळी पडली. उजवी म्हणजे होकार. आर्ट्सला काय शिकवतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते देवालाही विचारलं गेलं नाही.

कोल्हापूरच्या कॉलेजात मी फर्स्ट इयर सायन्सला नाव घातलं. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की मला वर्गातलं काही कळत नाही. सगळं इंग्रजीत. प्रयोगाच्या तासाला शेजारचा मुलगा काय करतो ते बघून मी हात हलवत असे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा मला थांबवून घेतलं आणि शाळेत प्रयोगशाळा होती का विचारलं. मी म्हटलं, कपाट होतं, पण त्याची किल्ली हेडमास्तरांकडे असायची. ते हसले नाहीत. त्यांनी माझे मॅट्रिकचे मार्क मागवून पाहिले. संस्कृत आणि मराठीत मी चांगला होतो.

"आर्ट्सला जा," ते म्हणाले. "तिथे तू पदवीपर्यंत पोचशील. इथे राहिलास तर नापास होशील. महिनाअखेरपर्यंत शाखा बदलता येते. अर्जावर वडिलांची सही घेऊन ये."

इतकं स्पष्ट माझ्याशी तोपर्यंत कुणी बोललं नव्हतं. आपण वाचलो असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने मी घाट उतरलो.

घरची लावणी चालली होती. बाबा चिखलात होते, आणि माझा धाकटा भाऊ तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी त्यांच्या हाताशी फेकत होता. भाऊ तेव्हा आठवीत होता आणि गणितात माझ्या फार पुढे. मी बांधावर उभं राहूनच सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, पण सहीचा विषय निघाल्यावर वर पाहिलं.

"देवाक इचारून गेलंस मां? मग आता न इचारता कसो बदलतलंस?"

मी म्हटलं, मग आज संध्याकाळीच विचारूया. तेव्हा कळलं की गुरवांच्या घरातला म्हातारा चार दिवसांपूर्वी वारला होता. गावातली गुरवांची सगळी घरं एकाच भावकीची, सगळ्यांना सुतक. सुतक फिटेपर्यंत कौल बंद.

मी मुदतीचं सांगितलं. बाबांना ते खोटं वाटलं असं नाही, पण मुदत ही न थांबणारी गोष्ट असते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे सुतकासाठी ठरलेलं लग्न थांबतं, नवीन होडी किनाऱ्यावर थांबते. कुणी कुणाला दोष देत नाही.

"मास्तराक सांग, गावात सुतक आसा," ते म्हणाले. "तोय माणूसच मां? थांबात."

मी पुन्हा सहीचा आग्रह धरला नाही. देवाला डावलून मिळालेल्या सहीची मलाही भीती वाटत होती. मी लावणीला उतरलो. भाऊ मधूनच विचारायचा, "दादा, थंय गणित कसला शिकवतत?" मी पुढची मूठ मागत असे.

सुतक फिटलं त्याच सकाळी बाबांनी कौल लावला. देवाने शाखा बदलायला परवानगी दिली, आणि बाबांनी तिथेच देवळाच्या पायरीवर बसून, एकेक अक्षर जपून, सही केली. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पूर्वी पाहिला नव्हता. वाटेत त्यांनी मला नारळ दिला, प्राध्यापकांसाठी.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा नवा महिना लागला होता. कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज हातात न घेताच उशिराचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याने शेजारच्या टेबलाकडे बघत म्हटलं, "ऐकलंत का? कोकणातला देव रजेवर होता म्हणे. जा बाबा, आता त्यालाच विद्यापीठाला पत्र लिहायला सांग." दोघेही हसले.

प्राध्यापक माझ्याबरोबर प्राचार्यांच्या खोलीपर्यंत आले. बाहेर येऊन त्यांनी विद्यार्थ्यांची नावं विद्यापीठाकडे गेली आहेत, आता काही होणार नाही, एवढंच सांगितलं. नारळ त्यांनी घेतला नाही. रागाने नव्हे. त्यांना तो घेववला नाही असं मला वाटतं.

मार्चात मी परीक्षेला बसलो आणि ते म्हणाले होते तसंच झालं. दुसऱ्यांदा बसवण्याची घरची ऐपत नव्हती. रेडीला खनिज बोटीत भरण्याचं काम निघालं होतं, तिथे मी मुकादमाच्या हाताखाली टोपल्या मोजायला लागलो.

त्या जूनमध्ये भाऊ नववीत जायचा होता. मी बाबांना म्हटलं, त्याला शिकू द्या, विषयांचं मी बघीन, आता मला थोडं कळतं.

"नको रे झिला," ते म्हणाले. "एकाचा वाटोळा मी केलंय."

शाळेच्या मास्तरांनी भावाला नववीसाठी दिलेली पुस्तकं त्यांनी पंच्यात बांधली आणि स्वतः चालत जाऊन परत केली.