एक जूनची पोरं

तीन महिने मी एका भलत्याच पुस्तकावर डोळे फोडून घेतले, आणि ज्यानं मला ते घ्यायला लावलं त्याला मी कधीच माफ केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भोळी समजू नये.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बीदर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी रोजंदारीवर टायपिस्ट होते. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा प्रिन्सिपॉल म्हणाले, "यंदाची वसतिगृहाची यादी जो यावर नीट काढून दाखवील, त्याला कायम करतो. टाइपरायटर आता मोडीत." म्हणजे मशीन चालवता आली नाही तर मी परत माझ्या गावी, खटकचिंचोळीला, लोकांच्या तुरीत खुरपायला. बुद्धाची दीक्षा घेतलेल्या आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिलीच. ती खुर्ची मी सोडणार नव्हते.

दुसरा उमेदवार होता संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा, हैदराबादहून डिप्लोमा करून आलेला. मी खुळी, त्यालाच विचारलं, "सर, डेटाबेस शिकायला कुठलं पुस्तक घेऊ?" त्यानं हसत हसत चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. गुलबर्ग्याच्या दुकानात सांगून मी ते मागवलं. चांगलं उशीएवढं जाड. डिक्शनरी जवळ घेऊन रोज पहाटे घोकलं, आणि तीन महिन्यांनी कळलं की ते खोलीएवढ्या मोठ्या सरकारी मशीनींचं होतं. आमच्या टेबलावरच्या डब्याला त्यातलं एक अक्षर लागू नव्हतं. त्याला जाब विचारला तर सगळ्यांसमोर म्हणाला, "कामून रडायलीस? घरी पाट म्हणून बसायला घे की!" शिपायासकट सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. मनात म्हटलं, थांब मुडद्या.

मग मी स्वतःच हैदराबादला गेले, कोठी भागातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतात तिथं. आता अक्कल आली होती. पुस्तक मधेच उघडायचं. पडद्यावर काय दिसेल त्याचं चित्र आहे का, हातानं करून बघायला उदाहरणं आहेत का, आणि आमच्या मशीनीवर चालेल त्याच सॉफ्टवेअरचं आहे का, एवढंच बघायचं. म्हातारा विकणारा म्हणाला, "अम्मा, मोटी किताब दिखाने की, पतली पढने की." मी पातळ घेतलं. सॉफ्टवेअरचंही तसंच. भाचा नव्या आवृत्तीचे गोडवे गायचा, पण आमच्या मशीनीला हार्ड डिस्कच नव्हती, नुसत्या फ्लॉपीच्या दोन खाचा. नवं त्यात मावायचंच नाही. मी गपगुमान फ्लॉपीवर चालणारं डीबेस नावाचं जुनं सॉफ्टवेअर धरलं, आणि जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी घेऊन शिकले.

पातळ पुस्तकाच्या दुसऱ्याच धड्यात होतं, की प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा नंबर द्यावा. माणूस नावावरून, तारखेवरून ओळखायला जाऊ नये.

यादीचं काम आधी भाच्याला मिळालं. अर्ज मी पुरवायचे. पोरं भीतीपोटी दोन-दोन अर्ज भरतात, म्हणून त्यानं मशीनीला सांगून ठेवलं, बापाचं नाव आणि जन्मतारीख सारखी दिसली की एकच पोरगं समज आणि दुसरा अर्ज काढून टाक. शहरात चाललं असतं. आमच्याकडं अडाणी बाप पोराला शाळेत घेऊन जातो, गुरुजी विचारतात, "कधी जन्मलं?" बाप म्हणतो, "ज्वारी काढायलो होतो तवा." गुरुजी लिहितात एक जून, आणि वर्ष वर्गाला शोभेल ते. अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला! बापांची नावंही त्याच तीन-चार देवांची.

यादी लागायच्या दोन दिवस आधी हे माझ्या ध्यानात आलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मूग गिळून बसले. खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सोमवारी यादी लागली. एकोणीस पोरं गायब, एकूण एक अडाण्यांच्या घरची. व्हरांड्यात नुसती बोंबाबोंब. मी ते एकोणीस अर्ज प्रिन्सिपॉलांच्या टेबलावर एकेक करून मांडले, सगळ्या ऑफिसासमोर. "सर, हे मशीनीला दिसलेच न्हाईत. एक जून हाय ना." भाचा एकेक अर्ज उचलून तारखा बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "पाट देऊ का बसायला?" या वेळी हसले ते त्याला हसले. संध्याकाळच्या आत मी नंबर देऊन नवी यादी काढली. खुर्ची माझी झाली. तो त्याच महिन्यात गाव सोडून गेला, आणि मला आजही त्याची कीव येत नाही.

एकोणिसातली अठरा पोरं व्हरांड्यातच सापडली. राजेश्वर गावची एक मुलगी तेवढी सकाळीच यादी बघून बापाबरोबर परत गेली होती. मी तिला कार्ड टाकलं, जागा आहे, ताबडतोब या.

तीन आठवड्यांनी बाप एकटाच आला. "अक्का, पोरीचे कागद द्या. सोयरीक जमली."

"कार्ड मिळालं न्हाई का अप्पा? जागा हाय की तिची."

"मिळालं. तिनंच वाचून दाखवलं. पर तवर जबान दिलेली. नाव लागलं न्हाई म्हणून दोन दिवस जेवली न्हाई बघा पोरगी. मग मीच म्हणलो, शिकणं न्हाई आपल्या नशिबात, कामून जीव जाळायलीस."

मी नंबर दाबला. तिची नोंद लगेच पडद्यावर आली. तो वाकून बघत राहिला.

"किती लौकर घावलं! मग तवा कसं न्हवतं?"

"तवा इथं दुसरा माणूस बसायचा," मी म्हणाले, आणि अंगठा कुठं लावायचा ते त्याला दाखवलं.