नसीमचा गॉल

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी तासावर निघाले होते. मनात पहिलं आलं ते हे… घ्या, इथंही हीच पुढं! एकाच कॉलेजात, एकाच इतिहास विभागात आम्ही दोघींनी जन्म काढला. माझ्या वर्गात पोरं हजेरीपुरती यायची; तिच्या वर्गात जागा नसली तर दारात उभी राहायची. जळायचे मी. सरळच सांगते, लई जळायचे.

तिचा हातखंडा तास म्हणजे मरणासन्न गॉलचा पुतळा. गॉल हे युरोपातले जुने लढवय्ये. त्यांना हरवणाऱ्या ग्रीकांनीच त्यांचे पुतळे उभारले. आज उरलीय ती संगमरवरी रोमन नक्कल. जखमी गडी, ओठावर मिशा, गळ्यात पिळाचं कडं, उजव्या हातावर रेललेला. शत्रूला इतकं देखणं कुणी घडवतं का? नसीम आधी फोटो दाखवायचीच नाही. लासूर स्टेशनहून येणाऱ्या एखाद्या दांडग्या पोराला फरशीवर तसं बसवायची, अन् वर्ग चिडीचूप! मग मीही माझ्या वर्गात एकाला बसवलं, म्हटलं, मरतोयस असं दाखव. त्यानं जीभ बाहेर काढून मान टाकली. पोरं अशी खिदळली, की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

"तुझीच पोरं कशी गं शहाणी?" मी तणतणत तिला विचारलं.

चहा पुढं सरकवत ती म्हणाली, "अगं सुनंदा, तू त्यांना मरायला सांगतीस. मी सांगते, उठायचा प्रयत्न करा."

एवढं साधं मला का सुचू नये? तो चहा काही मला गोड लागला नाही.

शेवटचं भेटले ते तिच्या शहागंजच्या घरी. आजारानं पार वाळली होती. मला दारात बघताच उजव्या हातावर जोर देऊन उठायला लागली. "पडून राहा की," मी म्हटलं.

"वा गं वा! तू आलीस अन् मी पडून राहू?" दोनदा कोपर घसरलं, पण बया उठून बसलीच. मी बघत राहिले… हेही हिलाच जमावं!

आता तिचे तास माझ्याकडं आलेत. परवा एका पोराला फरशीवर बसवलं आणि म्हटलं, "ऊठ, उठता येतंय का बघ." कुणी हसलं नाही. तास संपल्यावर एक मुलगी जवळ आली. "मॅडम, आज अगदी नसीम मॅडमसारखं शिकवलंत!"

अंगाचा तिळपापड झाला. उभ्या जन्मात एकदा वर्ग माझा झाला, तोही हिच्या नावावर! तरातरा स्टाफरूममध्ये शिरले आणि दारातूनच ओरडले, "नसीम, ऐकलंस का…"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.